हरणाऱ्या संघाच्या मालकाचे काय जाते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फ्रँचायझी लीगमुळे खेळाचे भले होते, असे आपल्या क्रीडा पानावर वारंवार वाचायला मिळते. शिकागोत राहून इथल्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा 2024 चा मोसम पाहिलेल्याला ते पचनी पडणे कठीण आहे. 162 सामन्यांत 41 विजय, 121 पराभव! मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या अव्वल लीगमध्ये 1900 नंतर एका मोसमात इतके सामने कुणीच हरले नव्हते. 1962 च्या न्यूयॉर्क मेट्सची मजल 120 पर्यंतच होती.

यात नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही. मोसम तोंडावर असताना डिलन सीझसारखा हुकमी पिचर (चेंडू टाकणारा) सॅन डिएगोच्या संघाला देऊन टाकला. जुलै-ऑगस्टमध्ये सॉक्स ओळीने 21 सामने हरले आणि नेमके त्याच दिवसांत, 25 जुलैला, सीझने सॅन डिएगोकडून खेळताना वॉशिंग्टनला अख्ख्या सामन्यात एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) मारू दिला नाही. इकडे बळी गेला तो मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, पेड्रो ग्रिफोल यांचा.

सप्टेंबरअखेर एंजल्सचा संघ शिकागोत आला तेव्हा बरेच जण विक्रमी पराभव बघायलाच आले होते. सॉक्सने नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये पिछाडी भरून सामना जिंकला, तर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ‘सेल द टीम’ (संघ विका) च्या घोषणा मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्यासाठी होत्या. (2005 मध्ये सॉक्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकले तेव्हाही मालक हेच होते, हे सांगायला हवे.) तिन्ही सामने जिंकून संघ डेट्रॉइटला गेला आणि तिथे 121 वा पराभव पदरात पडला.

पण मालकाने संघ विकावा तरी का? तळाला गेला म्हणून तो खालच्या लीगमध्ये ढकलला जात नाही. राष्ट्रीय टीव्ही करारातला वाटा तीसही संघांना सारखाच मिळतो. इंग्लिश फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगचे शेवटचे तीन संघ खाली जातात, पैसाही आटतो. तिथल्या मालकाला झोप लागत नसेल. इथे 2025 मध्ये पुन्हा 102 पराभव झाले, सलग तिसऱ्या वर्षी शंभरी ओलांडली.

आयपीएलचा साचाही हाच. 2022 आणि 2024 मध्ये मुंबई इंडियन्स तळाला होती. त्या संघाने पुन्हा जोर लावला, कारण त्यांना तसे वाटले. नियमाने भाग पाडले म्हणून नव्हे. तेव्हा पुढच्या लिलावाच्या बातमीत कोण किती कोटींना गेला याच्या शेजारी, केंद्रीय उत्पन्नातून प्रत्येक मालकाला किती मिळते, तेही छापावे ही विनंती.

– एक वाचक, शिकागो