वॉल्व्ह बसवला, आता आयएनआरचे बघा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

ऱ्हुमॅटिक आजाराने (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या तापाने) खराब झालेला हृदयाचा वॉल्व्ह, म्हणजे झडप, बदलण्याचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उचलते. टाके सुकतात, रुग्ण गावी जातो. तरुण रुग्णाला बहुधा धातूचा वॉल्व्ह बसवतात आणि त्याला वॉरफरिन किंवा असिनोकुमेरॉल, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, जन्मभर लागते. ती किती लागू पडली हे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा, सांगतो. मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) वॉल्व्हला तो 2.5 ते 3.5 हवा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. डोस बसला तरी महिन्याकाठी तपासणी हवीच. त्यासाठी खेड्यातल्या रुग्णाला जिल्ह्याची एसटी धरावी लागते.

जवळ तपासणी झाली तरी आकडा खरा असेलच असे नाही. निळ्या झाकणाच्या नळीत 0.3 मिली सोडियम सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारे द्रव्य, असते. त्यात खुणेपर्यंत 2.7 मिली रक्त लागते. शीर सापडेना म्हणून नळी अर्धीच भरली की सायट्रेट जास्त होते, रक्त उशिरा गोठते आणि आयएनआर खोटा चढा येतो. मग गोळी कमी केली जाते, आणि गुठळी होऊन अडकतो तो वॉल्व्ह. दुसरी चूक रिएजंटची, म्हणजे तपासणीच्या रसायनाची: नव्या लॉटचा आयएसआय (त्या रसायनाची संवेदनशीलता सांगणारा, आयएनआर काढायला लागणारा आकडा) यंत्रात भरायचाच राहतो.

वॉल्व्ह अडकला की धाप लागते. रात्रीच्या शांततेत ऐकू येणारी त्याची टिकटिक मंद होते किंवा थांबते. आशाताईंना ही खूण अर्ध्या तासात शिकवता येईल.

बाकीचा घोळ औषधांचा. क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू झाले की आयएनआर कोसळतो, जुलाबावर मेट्रोनिडॅझोल दिले की चढतो. कंबरदुखीला डायक्लोफिनॅकची सुई मारली (रुग्ण ती स्वतःच मागतात) की तिथे रक्ताची गाठ. मेथी-पालक बंद करा, हा सल्लाही चुकीचाच. पालेभाजीतले के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते हे खरे, पण ती खावी, फक्त प्रमाण सारखे ठेवावे. श्रावणात रोज भाजी आणि उन्हाळ्यात नुसते पिठले-भाकरी असेल तर आकडा हलणारच.

तपासणी टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या, आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या द्याव्यात, असे कुणी सुचवेल. त्यातल्या डॅबिगॅट्रानची धातूच्या वॉल्व्हवर चाचणी झाली. 2013 साली निष्कर्ष आले, गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही. तो रस्ता बंद आहे.

म्हणून प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्याचा एक वार आयएनआरसाठी ठरवावा, शक्यतो बाजाराचा. बोटाच्या थेंबावर चालणारे यंत्र पुरेसे आहे; रक्त फारच कमी असलेल्या रुग्णाचा नमुना मात्र नळीतूनच तपासावा. यंत्र आले आणि त्यात घालायच्या तपासणीच्या पट्ट्या संपल्या, असे व्हायला नको. रुग्णामागे वर्षाला 15 पट्ट्या धराव्यात: 12 महिन्यांच्या, 3 फेरतपासणीच्या. असिनोकुमेरॉल 1 आणि 2 मिग्रॅ, दोन्ही ठेवावे. त्याचा अंमल दोन दिवसांत उतरतो, त्यामुळे साठा संपला की 'पुढच्या आठवड्यात या' हे उत्तर चालत नाही.

वॉल्व्ह बसवलेल्या, पाळी चुकलेल्या बाईला त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायची सोय हवी. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते, आणि गोळी आपल्या मनाने थांबवली तर वॉल्व्ह अडकतो.

कळावे.

आपले,
हृदयरोग बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टर व परिचारिका