बघ गाढवा

मुलुंड, मुंबई
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिग्या,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. फोन उचलत नाही, मेसेजला नुसता अंगठा पाठवतो, माईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला फिरकलासुद्धा नाही, आणि आता एकदम चार पानी पत्र. म्हणजे याला काहीतरी हवंय, असंच तुला वाटणार. हवं काही नाही, द्यायचं आहे. पण ते मधे कुठेतरी येईल. सरळ सांगता आलं असतं तर एकवीस वर्षं लागली नसती.

प्रकृती ठीक. शुगर काठावर आहे. डॉक्टर म्हणतात चाला, म्हणून चालतो, आठवड्यातून तीनदा, दादर स्टेशन ते शिवाजी पार्क. बाकी सगळे मजेत.

तर लॅपटॉप.

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद होणार, हे तू मला वर्षभर सांगत होतास. आणखी एक वर्ष ढकलायची सोय आहे, तीही तूच सांगितलीस. शिवाय 'दिवाळी अंकांची कामं संपेपर्यंत मशीनला हात लावू नकोस' हेही तुझंच. म्हणून मी नेमका २० सप्टेंबरला विंडोज ११ टाकायला हात लावला. तीन अंकांची तपासायची मुद्रितं टेबलावर आणि दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. सुनीता म्हणाली, पितृपक्षात कुणी नवं काही घेतं का? मी म्हटलं, घेतोय कुठे, फुकट मिळतंय.

मशीन २०२० चं, लॉकडाऊनमध्ये घेतलेलं, त्यामुळे टीपीएम २.० (ती सुरक्षेची चिप) वगैरे अटींत बसलं. दोन तासांत विंडोज ११ आलं. स्टार्टचं बटण मधोमध जाऊन बसलं, तेवढं सोडलं तर मला काही फरक कळला नाही. फरक कळला बुधवारी, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर.

मीरा मल्लखांबाला जाते, हे तुला माहीत आहे. आधी सुनीता न्यायची. सप्टेंबरात तिच्या ऑफिसची वेळ बदलली आणि ते काम माझ्याकडे आलं. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी आहे. मी लक्षात ठेवलं नव्हतं. साडेचारला पोरीला आत सोडायचं, साडेसहाला बाहेर घ्यायचं. मधले दोन तास मी कट्ट्यावर, मांडीवर लॅपटॉप, समोर एकमेकांत घुसलेल्या दहा क्रिकेट मॅचेस. त्या बुधवारी एका लेखातल्या 'पाश्चात्य'चं 'पाश्चात्त्य' करत होतो, कोपऱ्यात ३४ टक्के दिसत होते, आणि पडदा काळा.

३४! एका मार्काने नापास. जोश्याचा बारावीचा मराठीचा पेपर आठवला.

निकाल मी तिथेच लावून टाकला. विंडोज ११ बॅटरी खातं. परवापर्यंत मशीन ठणठणीत होतं, शनिवारी अपग्रेड केलं, बुधवारी मेलं, आणखी काय पुरावा हवा? घरी येऊन शोधलं तर निम्मं जग हेच रडत होतं. एका व्हिडिओत मिसरूड न फुटलेला एक मुलगा छातीठोकपणे सांगत होता की पॉवर प्लॅनमध्ये जाऊन 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबा. दाबलं. तुला आत्ता कळ आली असेल. मला तेव्हा नाही आली.

त्यानंतर दुखणं वाढलंच. रात्री १०० टक्के करून झाकण मिटायचं आणि चार्जर काढून बॅग भरून ठेवायची, तर सकाळी ७१. एकदा मुलुंड ते दादर स्लो लोकलमध्ये बॅग मांडीवर होती आणि मांडी शेकत होती. शेजारच्या काकांनी विचारलं, डब्यात काय आहे? मी म्हटलं, मुद्रितं.

पहिले काही दिवस थांबायचं असतं, हे मला वाचून कळलं होतं. नवी सिस्टीम आली की ती सगळ्या फायली पुन्हा चाळून सर्चची सूची करते, मागून अपडेट उतरवते, पंखा फिरतो, बॅटरी जाते, मग ती आपोआप निवळते. मी थांबलो. अकरा दिवस थांबलो. मग कळलं की जुन्या विंडोजवर परत जायची वाट दहाच दिवस उघडी असते.

अंक कसेबसे गेले. एका मुखपृष्ठावर माझ्या नजरेखालून चूक गेली, कोणती ते सांगणार नाही, तू शोधशील आणि परबला फोन करशील. दसरा झाला, दिवाळी आली, आणि भाऊबीजेच्या रात्री सगळे झोपल्यावर मी शेवटी तुझ्या पद्धतीने बसलो. आधी मोज, मग बडबड. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली, तू शिकवलेली ती पॉवरसीएफजीची बॅटरी रिपोर्टवाली आज्ञा टाकली. अहवाल माझ्या नावाच्या फोल्डरात जाऊन पडला. तो उघडायला गेलो तर शेजारी आणखी एक फाईल. नाव, 'बघ गाढवा'. तारीख, १४ मे २०२३.

दिग्या, अडीच वर्षं ती फाईल तिथे पडून होती.

मला सगळं आठवलं. तू दोन रात्री राहायला आला होतास. माझ्या लॅपटॉपशी अर्धा तास खुडबुड केलीस आणि जेवताना म्हणालास, बॅटरी उतरणीला लागलीय, आणि झाकण मिटल्यावर ती झोपायच्या ऐवजी हायबरनेट होईल असं करून ठेवलंय. मी काय म्हणालो? 'तू आलास की माझ्या घरातल्या वस्तू आजारी पडतात.' सुनीताने टेबलाखालून पाय मारला होता. तू हसलास आणि रात्रीची महालक्ष्मी पकडून सांगलीला गेलास, खरं तर दुसऱ्या दिवशी जाणार होतास.

दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. मूळ क्षमता दोन्हीकडे तीच, ४२,००० मिलीवॉट-अवर. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्यक्षात किती मावतं, तर तुझ्या फाईलमध्ये ३३,१००, माझ्यात २४,३००. म्हणजे तेव्हाच पाचवा हिस्सा गेला होता आणि आता निम्म्याच्या जरा वर उरलं होतं. हे चार आठवड्यांत होत नाही. पाच वर्षं मी ते मशीन खिडकीतल्या टेबलावर, दुपारच्या उन्हात, चार्जर लावून, सतत १०० टक्क्यांवर ठेवलं. लिथियमच्या बॅटरीला पोट तुडुंब भरलेलं आणि वरून उकाडा यासारखं वाईट काही नाही. म्हातारी बॅटरी जोर लावावा लागला की व्होल्टेज टाकते, कोपऱ्यातला आकडा मात्र जुन्याच हिशोबाने चालतो. म्हणून ३४ ला मान टाकली. हे इतके दिवस कळलं का नाही? कारण चार्जर काढून काम करायची वेळच आली नव्हती. विंडोज ११ आणि कट्टा एकाच आठवड्यात आले, आणि मी त्यातल्या एकालाच धरलं.

उरला बॅगेतला उकाडा. त्यासाठी पॉवरसीएफजीचीच स्लीप स्टडीवाली आज्ञा. रात्रभराच्या झोपेचा आलेख आला, लालेलाल, आणि जागं राहणाऱ्यांत सर्वांत वर वाय-फाय कार्ड. या नव्या मशिनांची झोप म्हणजे अण्णांची आरामखुर्चीतली दुपारची झोप. डोळे मिटलेले, पण जिन्यात पाय वाजला की 'कोण आलं रे?' हायबरनेटमध्ये सगळं डिस्कवर उतरवून मशीन खरंच बंद होतं. ते तू लावून ठेवलं होतंस. 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबून ते मी घालवलं. विंडोजने नाही, त्या पोराने नाही, मीच, स्वतःच्या बोटाने.

आता ते मधलं.

२००४, मे महिना. आपण दोघं माझ्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट धरून लॅमिंग्टन रोडवरून गिरगावापर्यंत चालत आलो होतो, तू मॉनिटरसाठी टॅक्सी करू या म्हणत होतास आणि मी पैसे वाचवत होतो. पुढे ऑगस्टात तू माझ्याकडे २५६ एमबीची रॅम बसवलीस, दुपारी, सगळं चालू करून दाखवलंस आणि शिकवणीला गेलास. संध्याकाळी फट्ट झालं, धूर निघाला, चाळीतले सगळे दारात. मी सांगितलं, दिग्याने रॅम बसवताना काहीतरी शॉर्ट केलं. सगळ्यांना सांगितलं. जोश्याला, परबला, तुझ्या माईंना. दोन महिने तुझ्याशी बोललो नाही. नव्या एसएमपीएसचे, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचे, सातशे रुपये तू शिकवणीच्या पैशांतून दिलेस आणि मी ते घेतले.

संध्याकाळी मी कॅबिनेट मागून पुसत होतो. एसएमपीएसवर एक छोटं लाल सरकतं बटण असायचं, २३० आणि ११५. फडक्याने नाही सरकलं, मी स्क्रू ड्रायव्हरने सरकवलं. काय होतंय बघू म्हणून. मग पॉवर चालू केली. आपल्या घरात २३० व्होल्ट, बटण ११५ वर, दुसरं काय होणार होतं? आणि दिग्या, एवढ्यावर थांबलो नाही. दुकानात न्यायच्या आधी मी ते बटण परत २३० वर सरकवून ठेवलं.

लिहिलं एकदाचं.

त्यानंतर तू किती दिवस कुणाचं मशीन उघडलं नाहीस, मला आठवतं. आता तू कशालाही हात लावण्याआधी फोटो काढतोस, आकडे फाईलमध्ये ठेवतोस, तारीख टाकतोस. आम्ही त्यावरून तुझी टिंगल करतो, पंचनामा करणारा हवालदार म्हणतो. ही सवय तुला कशाने लागली, ते फक्त मला माहीत होतं, आणि टिंगलीत मीच पुढे असायचो. त्या रात्री 'बघ गाढवा' उघडली, तेव्हा तुझ्या त्या अहवालापेक्षा मला आधी ते लाल बटण दिसलं.

सातशे रुपये यूपीआयने पाठवलेत. परत पाठवू नकोस. व्याजाचं तू आलास की मामलेदार मिसळीत फेडतो.

बॅटरी बदलली. दादरहून वेस्टर्न पकडून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोड. आपलं ते जिन्याखालचं दुकान आता मोबाईलची कव्हरं विकतं. पलीकडच्या गल्लीत एकाने साडेतीन हजार सांगितले, 'ओरिजिनल जैसा ही है साब', मी म्हटलं जैसा नको, अठ्ठावीसशेवर आला. जुनी काढून काउंटरच्या काचेवर ठेवली तर ती डुलत होती. फुगली होती. टचपॅड उचलल्यासारखं वाटायचं, मला वाटायचं माझी बोटं जाड झाली. पोरगा म्हणाला, अजून महिनाभर वापरली असतीत तर बरं नव्हतं. तिथेच नव्या बॅटरीचा अहवाल काढला. पोरगा माझ्याकडे बघत राहिला, असं करणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसावं. आकडे बरोबर आले. झाकण मिटलं की हायबरनेट, तेही लावलं. परवा कट्ट्यावर दोन तास काम करून ५२ टक्के शिल्लक होते.

तुझं काय? माई जिना चढतात का आता? वहिनींच्या शाळेचं ते ट्रान्सफरचं काय झालं? ओम्याला बारावीचं टेन्शन देऊ नकोस, जोश्याचे ३४ सांग त्याला. डिसेंबरात सांगलीला यायचं म्हणतोय, तिघंही. माईंना ते लाल बटणाचं मी स्वतः सांगतो, तू आधी सांगू नकोस.

तुझा,
सुन्या

ता. क. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सापडली, लावून ठेवलीय. पण कट्ट्यावर जायच्या दिवशी १०० करू का? का ८० वरच भागवू? फोन कर. उचलतो.