इलेक्ट्रिक ट्रकना टोलमाफीतून वगळू नये : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

न्हावा शेवा बंदर ते चाकण या मार्गावर कंटेनर वाहून नेणारा मी एक लहान वाहतूकदार आहे. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरील मोटारी व बसगाड्यांना टोलमाफी दिली; मालवाहू वाहने मात्र तिच्यातून वगळली. रस्त्यावर सर्वाधिक डिझेल जाळणारे वाहन बदलण्याची संधी त्यामुळे हुकते आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भरलेला डिझेल ट्रेलर लिटरमागे जेमतेम अडीच ते तीन किलोमीटर चालतो, म्हणजे किलोमीटरला तीस रुपयांचे किंवा त्याहून अधिक डिझेल लागते. तेवढेच वजन ओढायला इलेक्ट्रिक ट्रकला साधारण सव्वा ते दीड युनिट पुरते, आणि बारा रुपये दराने वीज घेतली तरी हा खर्च जवळपास निम्म्यावर येतो. अडचण आहे ती किमतीची, कारण हा ट्रक डिझेलच्या ट्रकपेक्षा दुप्पट किंवा त्याहूनही महाग पडतो. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत एका ट्रकमागे कमाल ९ लाख ६० हजार रुपये मिळतात, तेही जुना ट्रक भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र असेल तरच. उरलेला फरक रोजच्या फेऱ्यांतूनच भरून काढावा लागतो. द्रुतगती मार्गावर बहुआसी (मल्टी-ॲक्सल) ट्रकला एका बाजूचा टोल दोन हजार रुपयांहून अधिक आहे. महिन्याला वीस फेऱ्या जाऊन-येऊन धरल्या, तर ही रक्कम ८० हजारांच्या पुढे जाते. एवढे पैसे वाचले, तर माझ्यासारखा माणूस कर्जाच्या हप्त्याला धजावेल.

मार्गही या ट्रकला साजेसा आहे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे, आणि चाकणहून निर्यातीचा माल घेऊन बोरघाट उतरताना ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा काही प्रमाणात बॅटरीत परत येते. भरलेला कंटेनर घेऊन घाट चढताना मात्र बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून घाटाच्या पायथ्याशी, खालापूर-खोपोली परिसरात, ट्रेलर वळवता येईल इतक्या जागेचे चार्जिंग केंद्र हवे. मोटारींसाठी बांधलेल्या केंद्रात आमचे वाहन शिरतच नाही. बंदराबाहेरच्या यार्डांत आमच्या गाड्या तासन् तास रांगेत उभ्या असतात. तिथे चार्जर असतील, तर आज फुकट जाणारा तोच वेळ उपयोगी पडेल. दहा ट्रक एकाच वेळी २४० किलोवॅटने चार्ज करायचे, तर २,४०० किलोवॅटचा भार लागेल, आणि त्यासाठीची वीजवाहिनी एकट्या वाहतूकदाराला परवडणारी नाही. तो खर्च शासन, महावितरण आणि यार्डचालक यांनी मिळून उचलावा.

न्हावा शेवा बंदर सांभाळणाऱ्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाने २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे ट्रक बंदराच्या आवारात सुरू केले आहेत. ती सोय फाटकाबाहेर कळंबोली आणि चाकणपर्यंत आणण्यासाठी आपल्या विभागाने पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

मालवाहू ट्रकना निदान पाच वर्षे टोलमाफी द्यावी आणि तिची मुदत अधिसूचनेतच लिहावी, कारण बँक कर्ज देताना पुढच्या पाच वर्षांचा हिशेब मागते.

आपला नम्र,
चाकण येथील एक वाहतूकदार