अण्णांचा रिपोर्ट

प्रिय मन्या,

माझी शुगर कंट्रोलमध्ये, आईचे गुडघे तसेच. मुद्द्याचं सांगतो. अण्णांच्या पोटात दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे निघाले, ते अपेक्षितच होतं, पण खाली दोन ओळी ब्लॅडरबद्दल, म्हणजे लघवीच्या पिशवीबद्दल: भिंत जाड, उजवीकडे 9 मिमीचा पॉलिपसारखा उंचवटा, सिस्टोस्कोपी करावी, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बिणीची नळी घालून आत बघावं. वाचलं आणि पहिला तूच आठवलास. बाकीचे 'वय झालं आता' म्हणून मोकळे होतील, काकांच्या वेळी तुमच्या घरात काय चाललं होतं ते मी बघितलंय.

युरोलॉजिस्ट घाबरवणारे नाहीत. म्हणाले, ब्लॅडर नीट भरलेलं नसेल तर भिंत जाडच दिसते, रिकाम्याची 5 मिमीपर्यंत चालते, भरल्यावर 3 च्या आसपास हवी. मग पाणी पाजून परत सोनोग्राफी केली. अण्णा बाकावर पाय आवळून बसलेले, रिसेप्शनच्या पोरीला म्हणे 'बाई नंबर लाव, नाहीतर फडकं आण', सगळा हॉल हसला. जाडी गेली रे, उंचवटा राहिला. कुशीवर वळवून पण बघितलं, खडा किंवा रक्ताची गुठळी असती तर सरकली असती, हे जागचं हललं नाही, आणि डॉपलरला आत रक्तप्रवाह दिसतोय. कधीकधी वाढलेलं प्रोस्टेटच आत डोकावतं आणि गाठ वाटते, मी त्यावर आशा लावून बसलो होतो, पण ते खाली ब्लॅडरच्या तोंडाशी असतं, हे बाजूच्या भिंतीला आहे.

लघवीत रक्त नाही, सायटोलॉजी (लघवीतल्या पेशींची तपासणी) निगेटिव्ह, आणि अण्णा तेच धरून बसलेत. 'त्रास नाही तर नळी कशाला?' डॉक्टर सांगतायत की लो ग्रेडची, म्हणजे कमी आक्रमक गाठ सायटोलॉजीत बऱ्याचदा सापडतच नाही, आत बघावंच लागेल. जेली टाकून बारीक लवचिक दुर्बीण, काही मिनिटांचं काम. गाठ निघालीच तरी साधारण चारातल्या तिघांत ती स्नायूत घुसलेली नसते, दुर्बिणीतूनच खरवडून काढतात. पण बिड्या ओढल्यात ना जन्मभर, तेच मोठं कारण म्हणतात या गाठीचं. नाक्यावरून बंडल आणायचास तू, उरलेल्या सुट्ट्याच्या गोळ्या एकटा खायचास, त्यावरून मी तुझी कॉलर फाडली होती, आणि अजूनही मला वाटतं तेव्हा माझंच बरोबर होतं!

तुझ्या बदलीचं काय? धाकटीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

आणि अण्णांना फोन कर, माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. काकांना दोनदा लाल लघवी झाली, दुखलं नाही, आपोआप थांबली आणि म्हणून तुम्ही पण थांबलात, हे तूच सांग त्यांना, मी सांगितलं की त्यांना धमकी वाटते. गुरुवारची वेळ घेतलीय, त्याआधी कर.

तुझा,
दिग्या