बेनी मरतो आणि बासवाले हसतात

प्रिय नंद्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या घाल. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो. आता मुद्द्याचं. तुमच्या तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं. 'कम होम, फादर' या जुन्या अमेरिकन गाण्यात मुलगी दारुड्या बापाला घरी बोलवायला जाते; त्याच्या तिसऱ्या कडव्यात तिचा धाकटा भाऊ बेनी मरतो आणि तुमचे बासवाले, म्हणजे खालच्या आवाजाचे गायक, खिदळतात! हे दुःख तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

दोष गाण्याचा नाही. हेन्री क्ले वर्कने १८६४ साली ते पक्क्या हिशेबाने बांधलंय. घड्याळात एक वाजतो, बाप गुत्त्यात. दोन वाजतात, धाकट्याचं दुखणं वाढतं. तीन वाजता सगळं आटोपलेलं. मुलगी फक्त निरोप सांगते. हळहळायचं काम चार आवाजांच्या कोरसचं. तुमची गायिका मीनी पहिल्याच कडव्यात हुंदके देते, मग तिसऱ्याला उरलं काय? शिवाय तिच्या हरकती! ते भावगीत नाही, बाई. स्वर सरळ लावायचा, शब्द स्पष्ट टाकायचा. चाल तिन्ही कडव्यांना तीच, त्यामुळे फरक शब्दांनीच पडतो. एका श्वासात ओळ पुरत नसेल तर लय मेली समज. कोरस हळू घ्या आणि वरचा आवाज जरा पुढे ठेवा, नाहीतर चाल बुडते.

पियानोवाल्याला सांग, स्वर लांबवणारं पेडल दाबून बसू नकोस. तेव्हाच्या अमेरिकन दिवाणखान्यात चौकोनी पियानो असायचे, त्यांचा नाद लवकर विरायचा; म्हणून साथीला सुटे सुटे स्वर फिरवत ठेवायचे. आजच्या ग्रँड पियानोवर तेच पेडल धरून वाजवलं की नुसता चिखल. प्रत्येक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा जुडगा, बदलली की पेडल सोडून पुन्हा घ्यायचं.

आणि तुझा जुना हट्ट, मरणाचं गाणं मायनरमध्येच, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरसप्तकातच हवं! 'लिसन टू द मॉकिंग बर्ड' (१८५५) आठव. प्रेयसी दरीत पुरलेली, वर पक्षी गातोय, आणि चाल शिट्टीवर वाजवावी अशी. त्या काळची बहुतेक शोकगीतं मेजरमध्येच, म्हणजे आपल्या बिलावलासारख्या शुद्ध स्वरांत. तू अजून हरलेलाच आहेस.

माझं ऐकशील तर कार्यक्रमाची सुरुवात 'द व्हेकंट चेअर'ने करा. १५ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचा अठरा वर्षांचा लेफ्टनंट जॉन ग्राउट ऑक्टोबर १८६१ मध्ये बॉल्स ब्लफच्या लढाईत पडला. घरच्यांच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या पंगतीतली त्याची रिकामी खुर्ची, एवढाच विषय. शब्द हेन्री वॉशबर्नचे, चाल जॉर्ज रूटची. पुढे ते अमेरिकन यादवीतल्या दोन्ही बाजूंनी गायलं. यात हसायला जागाच नाही, आणि लोक एकदा गप्प बसले की बेनीलाही गप्प राहतात. 'ग्रँडफादर्स क्लॉक' (१८७६) शेवटी ठेवा. तेही वर्कचंच, पण टिकटिकीत मरण खपून जातं.

वेळ कमी पडला तर बेनीचं तिसरं कडवं कापू नका, अख्खं गाणंच काढा. बाप घरी येत नाही, पोरगंही मरत नाही, मग लोकांनी ऐकायचं काय?

नवी नोकरी कशी आहे? धाकटीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वश्या