सुट्टीतही कॉलेजचं दार उघडं राहावं म्हणून: उन्हाळी उपक्रम समितीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

शेवटचा पेपर झाला की कॉलेजचं आवार आठवड्याभरात रिकामं होतं. वर्गांना कुलपं लागतात, सूक्ष्मदर्शकांवर खोळी चढतात, ग्रंथालयात एकच दिवा जळत राहतो. मैदान असतं, झाडांची सावली असते, पण सावलीत बसायला कुणी नसतं. भिंतीपलीकडच्या वस्तीतली मुलं मात्र त्याच दिवसांत दिवसभर मोकळी असतात आणि त्यांच्यासाठी कुठेच काही उघडं नसतं. एवढी मोठी, बांधून तयार असलेली जागा आणि एवढी मुलं यांच्यामध्ये फक्त एक फाटक आहे. ते उघडं ठेवण्याचं काम आमची उन्हाळी उपक्रम समिती करते. या कामात तुमची मदत हवी आहे, म्हणून हे पत्र.

उपक्रम साधे आहेत. पहाटे मैदानावर खेळ, ऊन चढायच्या आत प्रयोगशाळा आणि वाचनवर्ग, संध्याकाळी सभागृहात नाटकाची तालीम, आठवड्यातून एका रात्री गच्चीवर आकाशदर्शन. दुपारी १२ ते ४ कुठलाही कार्यक्रम ठेवायचा नाही, हा नियम आम्ही कधी मोडलेला नाही. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि खेळाच्या नादात तहान लागल्याचंही त्यांना कळत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाने शिट्टी होते, ती फक्त पाण्याची. याशिवाय पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींसाठी दोन आठवड्यांचा तयारीवर्ग असतो. ज्यांच्या घरातून आजवर कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यांना अभ्यासाच्या आधी बारीकसारीक गोष्टीच अडवतात. ग्रंथालयात पुस्तक कसं मागायचं, प्राध्यापकांना वर्गाबाहेर भेटता येतं का, अर्जावर कुणाची सही लागते, हे विचारायचं कुणाला? हा वर्ग तेवढ्यासाठीच आहे.

प्रयोगशाळेबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण आमचा सगळ्यात जास्त जीव तिथे आहे. गेल्या उन्हाळ्यात कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी बनवायची होती. पापुद्रा सोलायचा, पाण्याच्या थेंबावर पसरायचा, आयोडीनचा थेंब सोडायचा आणि हवेचा बुडबुडा अडकू न देता वर पातळ काच ठेवायची. एका मुलीची काच तीन वेळा फसली. चौथ्या वेळी तिने डोळा लावला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "या तर विटा आहेत, आणि प्रत्येक विटेत एक ठिपका आहे." पेशीभित्तिका आणि केंद्रक हे शब्द तिला नंतर सांगितले. आधी तिने ते पाहिलं होतं. शाळेच्या वर्षात चाळीस मिनिटांच्या तासात चार वेळा काच फसायला वेळ नसतो. सुट्टीत असतो. सुट्टीतल्या शिक्षणाचं मोल आम्हाला इथे दिसतं.

आकाशदर्शनाचंही असंच. स्वाती तारा उन्हाळ्याच्या संध्याकाळी सहज सापडतो. आपल्याला दिसणारा त्याचा प्रकाश सुमारे ३७ वर्षांपूर्वी निघालेला असतो. हे कळलं की मुलं आपल्या आईवडिलांची वयं मोजायला लागतात.

सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, असं आपण नेहमी म्हणतो. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. मोठ्या सुट्टीत सरासरी महिनाभराचं शिकणं मागे पडतं आणि आकडेमोड व शुद्धलेखन यांना सर्वाधिक फटका बसतो, असं त्यांना आढळलं. नंतरच्या काही संशोधकांनी या मोजमापावर शंका घेतल्या आहेत, त्यामुळे महिनाभराच्या आकड्यावर आम्ही फार भर देत नाही. आम्हाला जास्त पटते ती बाल्टिमोरमधल्या डोरिस एन्टविसल आणि कार्ल अलेक्झांडर यांनी दिलेली नळाची उपमा. १९८२ मध्ये पहिलीत गेलेल्या मुलांचा त्यांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. शाळा चालू असते तेव्हा नळ सगळ्यांसाठी वाहतो, सुट्टी लागली की तो बंद होतो. ज्या घरात पुस्तकं, सहली, शिकवण्या यांची सोय असते तिथे पाणी भरलेलं असतं. बाकीची मुलं नळ पुन्हा सुरू होण्याची वाट बघतात. कॉलेजात तर नळ आहे, पाणीही आहे. तो सुट्टीत फिरवायला फक्त माणूस हवा.

सुट्टीतलं रिकामं कॉलेज दुसऱ्यांसाठी उघडण्याची कल्पना आमची नाही, जुनी आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात १९२१ पासून १९३८ पर्यंत उन्हाळ्यात कारखान्यातल्या कामगार स्त्रियांसाठी शाळा भरत असे. विद्यार्थिनी सुट्टीवर गेल्या की त्यांच्याच वसतिगृहात या बायका आठ आठवडे राहत आणि अर्थशास्त्र, साहित्य, विज्ञान शिकत. महाविद्यालयाच्या अध्यक्षा एम. केरी थॉमस यांनी हे मनावर घेतलं आणि शिष्यवृत्त्यांचे पैसे देणग्यांतून उभे राहिले. यंत्रावर दिवस काढणाऱ्या बाईला आयुष्यातले दोन महिने ग्रंथालयात बसायला मिळाले, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

देणगीबद्दल दोन उदाहरणं आमच्या बैठकीत नेहमी निघतात. १८७३ मध्ये लुई अगासी या प्रकृतिशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या पेनिकीस बेटावर शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा काढली. जॉन अँडरसन नावाच्या व्यापाऱ्याने ते बेट आणि ५० हजार डॉलर दिले होते. स्त्रिया आणि पुरुष एकत्र बसून समुद्रातले जीव हातात घेऊन शिकले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अगासी वारले. पुढचा एक उन्हाळा शाळा कशीबशी भरली आणि नंतर बंद झाली. एक मोठा दाता आणि एक मोठा माणूस यांच्यावर उभं राहिलेलं काम किती नाजूक असतं, ते यावरून दिसतं. म्हणून आम्हाला एक मोठी देणगी मिळण्यापेक्षा शंभर लहान देणग्या मिळाल्या तर जास्त निर्धास्त वाटेल.

दुसरं उदाहरण १९५६ च्या उन्हाळ्यातलं. डार्टमथ कॉलेजच्या आवारात काही संशोधक यंत्रांच्या बुद्धीवर चर्चा करायला जमणार होते. त्यासाठी आदल्या वर्षी लिहिलेल्या प्रस्तावात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्दप्रयोग आला आणि पुढे तेच त्या शास्त्राचं नाव झालं. त्यांनी रॉकफेलर फाउंडेशनकडे १३,५०० डॉलर मागितले होते, मिळाले ७,५००. तेवढ्यात त्यांनी भागवलं. निम्म्याच पैशात काम करायची सवय आम्हालाही आहे, पण काही खर्च निम्मे करता येत नाहीत.

तसा एक खर्च गेल्या वर्षी आडवा आला. सूक्ष्मदर्शकाचा वर्ग तिसऱ्या आठवड्यात बंद करावा लागला. प्रयोगशाळेच्या सहायकांना सुट्टीतल्या कामाचा मोबदला देण्याइतके पैसे आमच्याकडे उरले नव्हते आणि फुकट राबा असं त्यांना सांगणं आम्हाला मान्य नव्हतं. सहायक नसताना मुलांच्या हाती काच आणि रसायनं देता येत नाहीत. वर्ग बंद असल्याची चिठ्ठी दारावर लावली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ मुलं दाराशी उभी होती. त्यांना परत पाठवताना आमच्यापैकी कुणाच्याच तोंडून धड वाक्य निघालं नाही. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

म्हणून सगळ्यात आधी मागणं आहे ते या मोबदल्यासाठी. सहायक, मैदानावरचे प्रशिक्षक, रात्री थांबणारे पहारेकरी आणि स्वच्छता करणाऱ्या ताई यांना त्यांच्या कामाचे पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत. त्यानंतर वीज, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी, मुलांचा अपघात विमा, काचपट्ट्या, रसायनं. मुलांकडून शुल्क घ्यायचं नाही हे ठरलेलं आहे. थोडंसं शुल्क ठेवा, म्हणजे किंमत कळते, असा सल्ला आम्हाला अनेकदा मिळतो. आम्हाला तो पटत नाही. थोडंसं शुल्क ज्याला जड जातं, तोच मुलगा पहिल्यांदा गळतो, आणि तो का आला नाही हे आपल्याला कधी कळतही नाही.

पैसे देणं शक्य नसेल तर वेळ द्या. आठवड्यातून दोन तास पुरेत, पण ठरलेल्या दिवशी या. एक दिवस उत्साहाने येऊन पुढे न दिसणारा दादा किंवा ताई मुलांच्या मनाला लागते. गोष्ट वाचून दाखवता येते, सायकलची साखळी बसवता येते, हिशोब लिहिता येतो, पोहता येतं, तबला वाजवता येतो, यातलं काहीही आम्हाला उपयोगी आहे. माजी विद्यार्थ्यांना विशेष विनंती आहे: तुम्ही ज्या बाकावर बसलात तिथे बसून तुमच्या कामाबद्दल तासभर बोला. त्यात नोकरीत चुकलेलं, अडलेलं सांगितलंत तर मुलं जास्त लक्ष देऊन ऐकतात.

वस्तूंमध्ये चालू स्थितीतले लॅपटॉप, दुर्बीण, खेळाचं साहित्य आणि फाटलेली नसलेली पुस्तकं हवी आहेत. बंद पडलेलं यंत्र कृपया देऊ नका. ते दुरुस्त करण्यात आमचे दिवस जातात. देणगीदाराच्या हस्ते मुलांना वस्तू वाटण्याचा समारंभ आम्ही करत नाही, मुलांचे फोटोही देत नाही. कुणाला हे रुक्ष वाटेल, पण इथे येणारं मूल विद्यार्थी म्हणून येतं आणि त्याने त्याच मानाने घरी जावं असं आम्हाला वाटतं.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत आम्ही कडक आहोत. प्रत्येक स्वयंसेवकाची ओळखपत्रं आणि दोन संदर्भ तपासले जातात, मग तो कितीही ओळखीचा असो. कुठल्याही खोलीत मुलांसोबत एकच मोठी व्यक्ती नसते, दोन असतात. तरणतलावावर प्रशिक्षित जीवरक्षक नसेल तर त्या दिवशी तलाव बंद. या चौकशीचा राग मानू नये.

प्रत्येक देणगीची पावती कॉलेजच्या कार्यालयातून मिळेल. जमा आणि खर्च दर शनिवारी फाटकाजवळच्या फलकावर लावला जाईल, रसायनाच्या बाटलीपासून मोबदल्यापर्यंत ओळीने. देणगीदारांची नावं फलकावर असतील, रकमा नसतील. नाव नको असेल तर पावती घेताना तसं सांगा.

उपक्रम सुरू होण्याआधीच्या रविवारी सकाळी ८ वाजता आम्ही प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाचा वाचनकक्ष झाडून घेणार आहोत. खोळी काढायच्या आहेत, भिंगं पुसायची आहेत, मागच्या वर्षीच्या काचपट्ट्या निवडायच्या आहेत. मदत करायची की नाही हे अजून ठरलं नसेल तरी त्या दिवशी या. फाटकावर समितीचं काम आहे असं सांगा, वाट दाखवतील. जुना सुती रुमाल असेल तर सोबत आणा, भिंगं पुसायला तोच बरा पडतो.

आपले नम्र,
उन्हाळी उपक्रम समिती