आभासी सोलापूरची किल्ली शासनाकडेच राहू द्या

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात थ्रीडी मॉडेलं बनवतो. भुईकोट किल्ल्याचे बुरूज, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ, जकार्डवर विणलेली चादर, हे सगळं आभासी जगात नेता येतं. शासनाने ते न्यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र पैसे खर्च होण्याआधी निविदेत एक अट घाला: सगळं काम खुल्या मानकांत, म्हणजे एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या आणि कुणालाही वापरता येणाऱ्या तांत्रिक नियमांनुसार हवं.

मायक्रोसॉफ्टने मार्च २०२३ मध्ये ऑल्टस्पेस व्हीआर हे लोकांना एकत्र भेटता येणारं आभासी जग बंद केलं. सर्व्हर कंपनीचा, कोड कंपनीचा. तिथे रोज भेटणाऱ्या लोकांच्या हाती ते पुन्हा चालू करायचा मार्ग राहिला नाही. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानेही मे २०२४ मध्ये हब्ज हे आपलं तसंच जग बंद केलं, पण त्याचा कोड खुला होता. बाहेरच्या लोकांनी तो पुढे चालवायला घेतला आणि आजही कुणालाही स्वतःच्या सर्व्हरवर हब्ज बसवता येतं. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या किल्ल्याच्या वाट्याला यांतलं काय यावं, हे निविदा लिहितानाच ठरतं.

मानकं तयार आहेत. मॉडेलच्या फायलींसाठी क्रोनोस ग्रुप या मानकं बनवणाऱ्या संघटनेचं जीएलटीएफ आहे, ते २०२२ पासून आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. आभासी जग ब्राउझरमध्ये दाखवण्यासाठी वेबएक्सआर आहे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या हेडसेटवर चालवण्यासाठी ओपनएक्सआर. केंद्र सरकारने तर ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण २०१० मध्येच जाहीर केलंय.

तेवढ्याने सगळं सुटत नाही, हेही मान्य. २००८ मध्ये आयबीएम आणि लिंडन लॅबने लिंडन लॅबच्याच सेकंड लाइफ या आभासी जगातला अवतार, म्हणजे वापरणाऱ्याची तिथली आकृती, ओपनसिम या खुल्या कोडवर चालणाऱ्या दुसऱ्या जगात पाठवून दाखवला, पण त्याचं सामान मागेच राहिलं. आजही बुरुजाचं मॉडेल एका जगातून दुसऱ्या जगात जातं. त्याचा दरवाजा उघडणारा कोड, पाहुण्याची ओळख, त्याने घेतलेली चादर मात्र बहुतेकदा जात नाही. म्हणूनच नुसतं चालू झालेलं ॲप ताब्यात घेऊन थांबू नका. मूळ फायली, स्क्रिप्ट आणि त्या वापरण्याचे हक्क शासनाकडे आल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका.

कंपन्यांची सेवा खुशाल घ्या, त्यांचं तंत्र चांगलंच असतं. फक्त उद्या कंत्राटदार बदलला, तर नव्याने किल्ला मोजायची वेळ येऊ नये.

निविदेचा मसुदा आधी लोकांसमोर ठेवा. आम्ही सोलापूरचे मॉडेलवाले तो ओळ न् ओळ वाचून हरकती पाठवू.

आपला,
सोलापूरचा एक थ्रीडी कारागीर